पिकअपचा मागचा कॅमेरा

अहो,

मी आईला बघायला कासूला जातेय, संध्याकाळच्या गाडीनं परत येते. भात झाकून ठेवलाय, वालाचं बिरडं गरम करून घ्या.

आणि जेवायच्या आधी पिकअपमध्ये बसून बघा. मागचा कॅमेरा बसवलाय. मी! काल तुम्ही लग्नाला रोह्याला गेलात, तेवढ्यात. पेणचा दुकानदार म्हणत होता, वहिनी, दादांना पाठवा. मी म्हटलं, वायर कुठं जोडायची तेवढं सांग.

आधी चुकून ब्रेकच्या दिव्याला जोडली, तर ब्रेक दाबला की समोरच्या पडद्यावर आपली म्हैस! शेजारची मालू पोट धरून हसली. मग सोडून रिव्हर्सच्या दिव्याला लावली. आता रिव्हर्स टाकला की पडदा आपोआप लागतो. टेप घट्ट गुंडाळलाय, हवं तर ओढून बघा.

माझ्या पायावरनं चाक गेलं तेव्हापासून तुम्ही गाडी अंगणात मागं घेतली नाय. रस्त्यावर लावता आणि भाताची पोती पाठीवरनं आणता. वळवायला वडखळपर्यंत जाता. मला काय कळत नाय व्हय? पाय कधीच बरा झालाय, कासूला जायला स्टेशन चालतच गाठणार हाय.

संध्याकाळी गाडी अंगणात मागं घ्यायची. त्या दिवशी होते तिथंच, गोठ्याच्या दाराशी मी उभी राहीन. मालूनं तुमच्या जागेवर बसून बघितलंय, पडद्यावर माझी दोन्ही पावलं दिसतात.

गिरजा