डावं वळण

४ मार्च, मंगळवार

गाडी बिघडली आहे. साफ बिघडली आहे!

हिवाळ्यात आमची ही गेली, तेव्हापासून गाडीवरचं कापड काढलंच नव्हतं. आज काढलं. बॅटरी लावली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, बरं वाटलं. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता डावीकडे वळतो. तिथे पोचलो आणि गाडी अंगाखालून सुटल्यासारखी झाली. घसरली नाही, फक्त पकड ढिली झाली, आतली चाकं जमिनीवर आहेत की नाही कळेना. उजव्या वळणांना ठीक. डावं आलं की पुन्हा तेच.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, विकून टाका ना आता. दातांचे डॉक्टर कधीपासून मागे लागलेत. दोन सीटची उघडी गाडी, या वयात एकट्याने कशाला?" एकट्याने म्हणे! एकट्याने ही गाडी आजवर मी कधी चालवलीच नव्हती. "मला सोडून गाडी फाटकाबाहेर जाणार नाही," असा हिचा कायदाच होता.

शेवटी तोडगा काढला. १२ एप्रिलला हिचा वाढदिवस. दर वर्षी त्या दिवशी आम्ही दीपगृहापर्यंत जायचो. त्या दिवसापर्यंत गाडी पूर्वीसारखी झाली तर राहील. नाही तर डॉक्टरने खुशाल न्यावी. बोलून बसलो खरा.

९ मार्च, रविवार

सापडलं! चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. छप्पर नसलेली गाडी वळणावर पिळवटते. वरून धरायला काहीच नाही ना. वय झालं की जास्त पिळवटते. उपाय एकच — आडव्या-तिरक्या दांड्या लावून सांगाडा आवळायचा. ब्रेसिंग म्हणतात.

तीस वर्षं मुलांना भूमिती शिकवली. चार काड्यांचा चौकोन करायचा, कोपऱ्याला बोट लावायचं, आडवा होतो. एक तिरकी काडी घातली की हलत नाही. पोरं मागून "त्रिकोण सर" म्हणायची. म्हणू देत. त्रिकोण हलत नाही तो नाहीच.

१० मार्च, सोमवार

मिस्त्रीकडे गेलो. आमच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. त्याने ऐकून घेतलं आणि फडक्याने हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसतच होता.

"कशाला सर? बॉडी ठणठणीत आहे."

"मग वळताना ढिली का लागते?"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. म्हणाला, "दांडी लावली तर फरक पडेल. खडखड कमी होईल, स्टिअरिंग चोख होईल. पण तुम्ही म्हणता ते जाईल, असं मी नाही सांगणार."

"तू लाव," म्हटलं. अलीकडे सगळेच माझ्याशी जपून बोलतात. आता हाही!

१६ मार्च, रविवार

पुढची दांडी बसली. बॉनेटखाली या चाकाच्या वरून त्या चाकाच्या वर, आडवी. फरक आहे! खोटं कशाला बोलू? स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, पूर्वी क्षणभर विचार करायचं.

टाकीपाशी मात्र तेच. उलट जास्त.

१८ मार्च, मंगळवार

आज काही नाही. हिचा चष्मा गाडीच्या कप्प्यात सापडला. परत तिथेच ठेवला.

२२ मार्च, शनिवार

आज पोटाखालची ब्रेस. गाडी वर टांगलेली, मी स्टुलावर बसून बघत होतो. कोपऱ्यात मिस्त्रीचे ते चार वजनकाटे दिसले आणि हसू फुटलं. गाडीचे स्प्रिंग नवे बसवले तेव्हाची गंमत आठवली. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे, माणसं आत बसवायची आणि स्प्रिंग वरखाली करत सगळा तोल जुळवायचा. मिस्त्रीने हिला वजन विचारलं, म्हणजे तेवढी रेतीची पोती सीटवर ठेवता येतील. ही भडकली! "माझ्या जागी पोती? आणि वजन सांगायचं? जीव गेला तरी नाही!" स्वतःच जाऊन बसली. वर आकड्यांवर फडकं टाकायला लावलं, "त्याने एकट्याने बघायचं" म्हणून मिस्त्रीला शपथ घातली. आणि जी हसत सुटली! मिस्त्री खालून ओरडतोय, "वहिनी, हसू नका, काटा हलतोय!" त्यावर आणखी हसली. तासाभराच्या कामाला सकाळ गेली.

मी हे सांगितलं तर मिस्त्री हसला नाही. गाडीखाली सरकला.

२३ मार्च, रविवार

खडबडीत रस्त्यावर मुद्दाम घातली. डॅशबोर्डची कुरकुर बंद. आरसा थरथरायचा, तो आता थरथरत नाही. ज्यांना ब्रेसिंग म्हणजे नुसता देखावा वाटतो त्यांनी यावं आणि बसून बघावं!

पण ते वळण! पूर्वी नुसतं ढिलं लागायचं, आता नेमकं कळतं — डावी बाजू हलकी. आधी सगळ्या खडखडाटात ते लपत होतं. आता लपायला काही उरलं नाही.

२९ मार्च, शनिवार

मागचीही बसवली. गाडी आता दगड आहे. आणि डावं वळण जसंच्या तसं.

मिस्त्रीला वाटेल ते बोललो. काम ढिलं करतोस, लक्ष नसतं, म्हातारा झालास. तो पाने पुसून जागेवर ठेवत राहिला. भांडला असता तर परवडलं असतं. घरी येऊन लेकीवरही फोनवर खेकसलो. मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. ही असती तर म्हणाली असती, "झालं तुमचं? आता चहा घ्या."

चहा केला. सवयीने दोन कप.

५ एप्रिल, शनिवार

जिंकलो!!

लेक आली. मी नको म्हणत होतो, तरी शेजारी येऊन बसलीच. "बघू तरी काय त्रास देतेय तुमची राणी." पाण्याच्या टाकीपाशी दात आवळून वळवली — आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली! मागे फिरून परत गेलो. पुन्हा तेच! किनाऱ्याच्या रस्त्याला एकामागून एक डावी वळणं आहेत, सगळी घेतली. लेक केस धरून ओरडत होती, "बाबा, हळू!" आवाज थेट हिचा. दांड्यांना बसायला वेळ लागत असणार. एवढंच होतं तर!

लेक म्हणाली, "ठेवा बाबा गाडी. डॉक्टरांना मी सांगते."

६ एप्रिल, रविवार

लेकीला स्टेशनवर सोडलं. येताना टाकीपाशी गाडी पुन्हा तशीच.

कडेला लावली आणि बसून राहिलो. शेजारच्या सीटकडे बघायचं धाडस होईना.

८ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रीकडे गेलो. आज ओरडलो नाही. विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्याने स्टूल पुढे केलं. "बसा सर." स्वतः टायरवर बसला.

"गाडी तुम्हा दोघांना बसवून जुळवलेली आहे. तुम्हाला माहीत आहे ते. वहिनींचं वजन तिच्या तोलात धरलेलं आहे. आता ती बाजू रिकामी जाते. चॅसिस जेवढी कडक करू तेवढं ते जास्त जाणवणार."

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही दांड्या मागत होतात, मी लावत होतो. दांड्यांनी गाडी चांगली झालीच, त्यात खोट नाही. पण हे..."

मी त्रिकोण सर. आयुष्यभर तोल, कोन, बाजू शिकवल्या. इथे एक बाजूच नाही, हे मला दिसू नये!

"मी एकट्याची सेटिंग करून देतो," म्हणाला. "पुन्हा काट्यांवर घेऊ, तुम्ही एकटे बसा. डावं वळण सरळ होईल."

"हात लावायचा नाही!" मी एवढ्या जोराने म्हणालो की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. या गाडीत ही अजून आहे. स्प्रिंगात, चाकांत, जिथे कुठे असेल तिथे. ते पान्याने काढून टाकायचं?

१० एप्रिल, गुरुवार

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी येऊ का शनिवारी? मी बसते आईच्या जागी."

"नको," म्हणालो. "तू किती वेळा येणार? आणि तिच्या जागी कशाला? तू तुझ्या जागी."

११ एप्रिल, शुक्रवार

टाकीपाशी चालत जाऊन आलो. वळण तसं साधंच आहे. हिला गाडी अशी एका बाजूने हलकी आवडली नसती. तिला कललेलं काही चालायचंच नाही, भिंतीवरचं चित्रसुद्धा. जाता-येता सरळ करायची.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळीच गॅरेजमध्ये. गाडी काट्यांवर, मी आत. शेजारी कोणी नाही. मिस्त्री खाली वाकला आणि सवयीने बोलून गेला, "वहिनी, हसू नका, का—" आणि तसाच वाकलेला राहिला.

काटा हलत नव्हता.

"एकट्याची कर," म्हणालो.