इसिंग आजीची हाक

३ ऑगस्ट
मारिविकला भीतीच वाटत नाही! माझा सिनेमा जग संपल्यानंतरचा, घरात नायिका एकटी, बाहेरच्या कुणाचा भरवसा नाही — आणि ही आपली बाजाराला निघाल्यासारखी. शेवटी थाप मारली. म्हटलं, शेजारची इसिंग आजी अस्वांग आहे, माणसाच्या रूपात राहून माणसं खाणारी. हाक मारली तर ओ देऊ नकोस. फिलिपिन्सभर आमच्या या कापिझ प्रांताचं नाव अस्वांगांसाठी आधीच बदनाम, तिला लगेच पटलं.
आजचा शॉट झकास झाला.

५ ऑगस्ट
आजी रोज फाटकाशी येऊन रीतीप्रमाणे हाक देते, "माणूस आलंय हो." म्हणजे भूतखेत नाही, उघडा. हातात आलं घातलेली पेज. आज मारिविकने घेतली नाही. आजी मला म्हणाली, "पोरीला माझ्या हातचं नको झालंय होय गं?" पोट बिघडलंय तिचं, म्हटलं.

९ ऑगस्ट
थाप गावभर झाली. दुकानदारीण आजीला तेल देईना. अस्वांगाला मीठ सोसत नाही म्हणून तिच्या दारात कुणी मीठ फेकून गेलं. माझा सहायक नोनॉय म्हणाला, "ताई, खोटं होतं म्हणून सांगून टाका ना." सांगेन, शूटिंग संपल्यावर. चार दिवस राहिलेत. आता मारिविकची भीती गेली तर सगळंच मुसळ केरात.
लाज वाटते. तरी नाही सांगितलं.

१२ ऑगस्ट
भर दुपारी वादळ. कॅमेरा चालू. फाटकातून हाक — "माणूस आहे हो... अगं, माणूसच आहे मी." मारिविक दाराकडे बघत थरथरत होती. नोनॉय उठला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. असा शॉट पुन्हा मिळाला नसता.
हाका थांबल्यावर बाहेर गेलो. आजीच्या घराचं छप्पर उडालेलं. ती आमच्या फाटकाशीच पडलेली.

१३ ऑगस्ट
पहाटे गेली. मी दारोदार जाऊन खरं सांगितलं. दुकानदारीण म्हणाली, "तुम्हालाही झपाटलंय तिनं, बाई."

१५ ऑगस्ट
मयताला मी आणि नोनॉय, दोघंच. निघताना तो म्हणाला, "ताई, वाटेत कुठेतरी थांबू. मयताहून सरळ घरी गेलं की मेलेलं माणूस मागोमाग घरी येतं."
त्याला चहाच्या टपरीवर सोडलं. मी सरळ घरी आले. फाटक उघडं ठेवलंय.