रॉड निवडून देणारी बाई

प्रिय आई,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण लिहिताना मान खाली गेली. तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचताही येत नव्हतं, आणि एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? पण काल दुकानात इरफानभाई आले आणि त्यांनी तुझी चौकशी केली. त्यावर मी जे उत्तर दिलं ते कुठून तरी ऐकलंस का गं? ऐकलं असशील तर तुला माझी कीव आली असेल. मला स्वतःची किळस आली. म्हणून भर दुपारी शटर अर्धं ओढून दुकानातच लिहायला बसलोय.

इरफानभाई तुला आठवतील. भिवंडीत पॉवरलूमचा कारखाना आहे त्यांचा. पांढरी दाढी, हळू बोलणारा माणूस. त्या दिवशी मुंबईच्या दोन दोस्तांना घेऊन आले होते. तो दिवस तू विसरली असशील असं मी स्वतःला वर्षभर समजावत आलोय. कसली विसरतेस तू!

हे दुकान निघालं तेव्हा अख्खं अंजूर मला हसलं होतं. खाडीच्या काठावरचा पोरगा मासे धरायचं सामान विकणार! रॉड काय, रील काय, लूर म्हणून खोटे मासे काय! “हऱ्याला याड लागलंय,” असं आपल्याच आळीतली माणसं म्हणाली. तू एकटी म्हणालीस, “घाल रं दुकान. मी येतंय बसायला.” आणि दुसऱ्याच दिवशी घरातलं स्टूल उचलून दाराशी आणून ठेवलंस. मला वाटलं, म्हातारीला वेळ जात नाही, बसू दे.

रीलला तू जन्मात हात लावला नव्हतास. तुझं सगळं आयुष्य हातदोरीवर गेलं. उघाडीवर, बांधाचं दार उघडून शेतातलं पाणी खाडीत धावतं तिथं, गुडघाभर चिखलात उभं राहून तू जिताड्यासारखा भारी मासा काढायचीस आणि भिवंडीच्या बाजारात नेऊन विकायचीस. पण आठ दिवसांत तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं! कसं गं कळायचं?

गिऱ्हाईक आलं की आधी दिसायला भारी रॉड उचलतं. मीही तोच पुढं करायचो. तू स्टुलावरून विचारायचीस, “बाला, उभा कुठं ऱ्हाशील?” तो गांगरायचा. बांधावर, म्हणाला की तू मान हलवायचीस. “बांधावं मागं तिवरं हायेत. एवरा लांब रॉड मागं नेलास का फांदीत जाईल. आखूड घे.” होडीतून जाणाऱ्याला आणखी आखूड, खडकावर उभं राहणाऱ्याला लांब. मग त्याचं मनगट हातात घेऊन दाबून बघायचीस, भाजी निवडल्यासारखं. “तुला मोठा रील झेपायचा न्हाय. दहा येला फेकशील नि खांदा धरून बसशील. मोठ्या रीलाला काय मोठा मासा येतो का रं?” माणूस हसत हसत लहान रील घेऊन जायचा. मी आतल्या आत चरफडायचो.

आणि तो निळा टब! दुकानाबाहेर पाणी भरून ठेवलास आणि आलेला प्रत्येक नवा खोटा मासा दोरीला बांधून त्यात ओढून बघितलास. “जितं बोईट पान्यात असं पलतं का? ह्यो तं दारू पिऊन चाललाय!” पाकिटावर छापलेलं काही तुला वाचता येत नव्हतं, तरी कुठला लूर चालणार आणि कुठला भिंतीवर लटकत राहणार ते तू त्या टबात सांगायचीस. पाणी गढूळ असेल तर आत गोळ्या खुळखुळणारा. “त्याला दिसत न्हाय तं आयकू तरी येईल.” पाणी नितळ असेल तर पांढरा, चंदेरी. पाण्यात लाकडं-फांद्या असतील तर वरच्यावर पोहणारा. आणि काहीही घ्या, पुढं हातभर जाड दोरी बांधाच, कारण जिताड्याचा गाल पात्यासारखा असतो, बारीक दोरी सर्रकन कापतो.

हे सगळं मी मोबाइलवर व्हिडिओ काढून बोललो, आई. टोपी घालून, हातात रॉड धरून, अगदी तुझीच वाक्यं, फक्त ‘हाय-न्हाय’ काढून टाकलेली. लोकांनी खाली लिहिलं, “हरेशदादा, केवढा अभ्यास!” मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकदाही, एका शब्दानंही तुझं नाव घेतलं नाही. तू ते व्हिडिओ बघून म्हणायचीस, “काय झ्याक बोलतंस रं!” तुला कळत नव्हतं का ती वाक्यं कोणाची होती? कळत होतं. मला माहीत आहे, कळत होतं.

व्हिडिओमुळे ठाण्या-मुंबईची गिऱ्हाईकं यायला लागली. गाडीतून उतरणारी, गॉगलवाली. तेव्हापासून तू मला खुपायला लागलीस. तुझं वर खोचलेलं लुगडं खुपायला लागलं. पायांच्या भेगांतला काळा चिखल, तुझं मोठ्यानं बोलणं, कमरेच्या पिशवीतून मिश्री काढणं, सगळंच. आता लिहितोच. मला तुझी लाज वाटायची.

मग तो दिवस. इरफानभाईंच्या मुंबईच्या दोस्तांना उघाडीवर जायचं होतं. त्यातल्या एकाला मी सगळ्यात महागडा लूर काढून दाखवला, खोल बुडी मारणारा. मोठ्या ऐटीत सांगत होतो, जिताडा तळाला बसतो, याला तळापर्यंत जाऊ द्या. आणि स्टुलावरून तुझा आवाज आला. “अरं हऱ्या, तिथं तेवरं पानी तरी हाय का? खाली जुन्या दाराचे खुंट हायेत. पयल्याच फेकीला अरकंल त्यो!”

बरोबर होतीस. शंभर टक्के बरोबर. त्या उघाडीत ओहोटीला कंबरभरही पाणी नसतं, हे अंजूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाच लाज वाटायला हवी होती, त्या खुंटांशी खेळत मोठा झालो मी. पण तो मुंबईवाला खो खो हसला आणि म्हणाला, “अरे, ये आजी कौन है? बड़ी एक्सपर्ट लगती है!”

मी म्हणालो, “कुछ नहीं साहब. झाड़ू-पोछा करने आती है. ऐसे ही बोलती रहती है.”

इतक्या सहज म्हणालो गं! अडखळलोसुद्धा नाही.

हिंदीत बोललो म्हणून तुला कळणार नाही, अशी एक चोरटी आशा होती. काय मूर्ख मी! तीस वर्षं भिवंडीच्या बाजारात मासे विकलेस, लूमवरच्या यूपी-बिहारवाल्या माणसांशी हिंदीतून भांडलीस, हसलीस, त्यांच्या बायकांची बाळंतपणं विचारलीस. तुला माझ्यापेक्षा चांगलं हिंदी येत होतं.

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त बघितलंस, मग गुडघ्यावर हात देऊन उठलीस, कोपऱ्यातला झाडू घेतलास आणि दुकान झाडायला लागलीस. सकाळीच झाडलेलं दुकान! वाकून, रॉडच्या स्टँडखालून, त्या माणसांच्या बुटांजवळून. एकानं पाय उचलून तुला जागा करून दिली. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू ते खरं करून दाखवलंस, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी बिल फाडत उभा राहिलो.

आई, आता मीही थोडा रागावू का? हक्क नाही, पण रागावतो. का उचललास तो झाडू? चार लोकांत माझ्या थोबाडीत द्यायची होतीस! “माझ्याच पोटचा हाय ह्यो गाढव,” असं ओरडून सांगायचं होतंस. दुसरी कुठली बाई गप्प बसली असती? मला जन्मभर सांभाळून घेतलंस, तिथंही सांभाळून घेतलंस, म्हणून आज मला कुठं तोंड लपवायला जागा नाही.

जाताना इरफानभाई दारात जरा थांबले होते. तू झाडता झाडता टोपलीतला एक पांढरा, वर पोहणारा लूर उचलून त्यांना दाखवलास आणि हळूच काहीतरी बोललीस. त्यांनी तो घेतला. दोस्तांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांनी तुझ्यावर.

संध्याकाळी घरी तू नेहमीसारखं ताट वाढलंस. माझ्या पानात माशाचं डोकं घातलंस, मला आवडतं म्हणून. आता बोलू, मग बोलू, असं करत हात धुवून उठलो. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, “गुडघं लय दुखतान. मी न्हाय येत दुकानात.” आणि मी, देवा, मी सुटकेचा श्वास टाकला!

त्यानंतर पाच महिने तू होतीस. पाच महिने रोज समोर होतीस. एकदा ओट्यावर बसून कोलंबी सोलता सोलता तू विचारलंस, “तुज्या दुकानात गिऱ्हाईक येतंय ना रं बरं?” तुझ्या दुकानात. त्याआधी कायम ‘आपलं दुकान’ म्हणायचीस. तो एक शब्द माझ्या काळजात रुतला, तरी मी “हो, येतंय की,” एवढंच म्हणून चपला घातल्या. मग एका सकाळी चहा ठेवता ठेवता तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, म्हातारी समाधानानं गेली. मी तिथंच हुंदके देऊन रडलो. लोकांना वाटलं, केवढी माया आईवर!

आणि काल. इरफानभाई एकटेच आले. मोबाइल काढून फोटो दाखवला. उघाडीवर उभे, दोन्ही हातांत जिताडा, मावत नव्हता इतका. माशाच्या तोंडात तुझा पांढरा लूर. “खाला ने बोला था, भरती पलटते ही डालना, और धीरे खींचना. साल भर कोशिश की, अब जाके लगा.” मग पिशवीतून जांभळं लुगडं काढलं. “वो सफाईवाली खाला कहाँ हैं? उनके लिए लाया हूँ. मेरी अम्मी भी ऐसे ही डाँट के सिखाती थीं.”

आई, देवानं मला दुसरी संधी दिली होती. ताटात वाढून दिली होती. एवढंच म्हणायचं होतं की ती माझी आई, ती गेली. मुंबईवाले नव्हते, कोणी हसणारं नव्हतं. तरी माझ्या तोंडून काय निघालं? “उन्होंने काम छोड़ दिया, भाई. गाँव चली गईं. दिघाशी.”

दिघाशी! कुठून सुचलं कोण जाणे. अंजूरच्या मातीत जन्म घालवलेल्या तुला मी मेल्यावरही गावाबाहेर काढलं.

मला वाटलं, लुगडं माझ्याकडे देतील आणि विषय संपेल. पण ते म्हणाले, “नहीं, बुज़ुर्ग हैं, अपने हाथ से दूँगा. दिघाशी कौन सा दूर है, गाड़ी है. इतवार को आता हूँ, पता लिख के रखना.” आणि लुगड्याची घडी नीट करून परत पिशवीत ठेवली, अशी हळुवार, जणू ते कोणाच्या तरी अंगावरचं असावं. ते गेल्यावर मी तुझ्या स्टुलावर बसलो.

वचन देतो, आई. माझ्या वचनाला तू किती किंमत देशील ते मला ठाऊक आहे, तरी देतो. रविवारची वाट बघणार नाही. तोपर्यंत मी आणखी एखादं खोटं रचीन, ओळखतो मी स्वतःला. उद्या सकाळीच शेअर रिक्षानं भिवंडीला जातो, त्यांच्या कारखान्यात. ‘वो मेरी माँ थी’ हे वाक्य दुपारपासून तोंडातल्या तोंडात म्हणून बघतोय.

पण तिथं असं पुटपुटून चालायचं नाही. लूम चालू असतात, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तुला झाडूवाली म्हणताना मला आवाज चढवावा लागला नव्हता. उद्या मात्र सगळ्या कामगारांसमोर, नरड्याच्या शिरा ताणून ओरडावं लागेल. ओरडतो, आई. त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही तर पुन्हा ओरडतो.

तुझ्याच पोटचा,
हऱ्या