रिकाम्या लाइनवर विचारू नये

२ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नव्या खोलीत मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुझ्यापुढे खोटं पचत नाही. लिफ्टच्या कंपनीतली माझी नोकरी गटांगळ्या खातेय. नव्या लिफ्टची माहिती गिऱ्हाइकांना खोलीत बसून, कॉम्प्युटरवरून द्यायची. समोर नुसते काळे चौकोन, सगळ्यांचे माइक बंद. त्या शांततेत माझी बोबडी वळते आणि दर दोन वाक्यांनी मी विचारते, ऐकू येतंय ना? उत्तर येत नाही, की पुढचं सगळं विसरलेच! दोनदा फज्जा उडालाय. वीस तारखेला मोठं गिऱ्हाईक आहे. तेही फसलं तर गाशा गुंडाळा, असं मॅडमनी तोंडावर सांगितलं.

तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म काढलास. निवृत्तीनंतर फोनला हात लावत नाहीस म्हणून पत्र, नाहीतर रोज तुझं डोकं खाल्लं असतं. काहीतरी शिकव गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बबडी

७ जून

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

रडूबाई, आधी डोळे पूस. बोलताना उभी राहा, दम पुरतो. ओठांवर हसू ठेव, न दिसणाऱ्यालाही ते कळतं. वाक्यांची शेपटं गिळू नकोस. कॅमेऱ्याशेजारी माझा फोटो चिकटव आणि मलाच सांगतेयस असं समज. लग्नातला लाव, त्यात मी बारीक आहे.

लहानपणी माझ्या गोष्टी ऐकताना तू हुंकार द्यायचीस, आठवतं? आधी एक लांब हं, मग लगेच एक तोकडा, नाकातला. तो ऐकला की मला पुढचं आपोआप सुचायचं. समोरचे गप्प असले तरी तसा हुंकार येतोय असं मनात धर.

आणि ते ऐकू येतंय ना आजपासून बंद. रिकाम्या लाइनवर असं कधी विचारू नये. आमच्या हेडबाई त्यासाठी बोटांवर पट्टी मारायच्या. का, ते भेटल्यावर सांगेन.

खात जा वेळेवर. जीव तुझ्यात अडकलेला असतो.

मावशी

१२ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

गुरुमाउली, तुझी विद्या फळली! रोज दुपारी रिकामी मीटिंग उघडून मी एकटीच सराव करते. उभी राहते, हसते, तुझ्या फोटोला लिफ्ट विकते. परवा सवयीने तोंडातून निघून गेलंच, ऐकू येतंय ना? आणि खरं सांगते, पलीकडून हं आलं.

मीटिंगमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आधी अंगावर काटा आला. शेजारचा टीव्ही असेल म्हणून पुढे बोलले, तर दर थांब्यावर नेमक्या जागी पुन्हा हं. इतकी सुरेख मी जन्मात बोलले नव्हते. आता तर मुद्दाम विचारते. वेडी म्हणालीस तरी चालेल, पण वीस तारखेपर्यंत हे मला हवंय.

रागावलीस तरी लळा तोडू नकोस.

बबडी

१६ जून

चि. बबडीस आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. भेटीपर्यंत थांबायला नको होतं मी. एक्सचेंजमध्ये आमच्यात एक ठमी होती, चेष्टेखोर, थोडी तोतरी. बंद पडलेल्या एका लाइनवर ती असंच विचारायची, आणि तिला हुंकार यायचा. महिन्याभरात तिची जीभ अशी सुटली की फोन लावणारे लोक लाइनवर तिलाच मागू लागले. मग तिची आई ऑफिसात आली. पोरगी गोड बोलते पण हा आवाज माझ्या पोरीचा नाही, असं म्हणून रडली. आम्ही हसलो गं.

सराव बंद कर. आणि त्या पलीकडच्या आवाजाने तुला काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस. नोकरी गेली चुलीत!

तुझी काळजी करणारी,

मावशी

२० जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नोकरी पक्की झाली! मॅडम म्हणाल्या, ही तूच का? तुझं पत्र मात्र सगळं उरकल्यावर, संध्याकाळी हातात पडलं.

एक सांगायचं राहिलं. सगळे निघून गेल्यावर मी मीटिंग बंद करणार, तोच पलीकडून कुणीतरी विचारलं, ऐकू येतंय ना? अगदी माझ्याच आवाजात. बेसावध होते गं. मी हं म्हणून बसले.

तेव्हापासून घसा धरलाय. बोलायला जाते तर नुसतं तेवढंच निघतं. गरम पाणी पितेय. घाबरू नकोस, मीही नाही घाबरत. थोडीशीच.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

बबडी

२४ जून

चि. बबडीस,

आज शेजारणीकडे तुझा फोन आला म्हणून धावत गेले. उभ्याने बोलल्यासारखा खणखणीत आवाज, ओठांवर हसू, एकही शेपूट गिळलेलं नाही. मजेत आहे, घसा बरा झाला, तू येऊ नकोस, असं गोड गोड सांगितलं. माझी एकदाही चेष्टा केली नाही.

पण ती बोलणारी थांबली की मागून, फार लांबून, हुंकार येत होता. आधी एक लांब, मग एक तोकडा, नाकातला.

मी फोन ठेवला. पिशवी भरली आहे, आता निघते. हे पत्र आधी पोचेल की मी, कोण जाणे. दार मी हाक न मारता हातानेच वाजवीन. तोवर हुंकार सोडू नकोस, बाळा. ऐकते आहेस ना, असं मी विचारणार नाही. मला माहीत आहे.

तुझीच,

मावशी