काठावरची बोलणी

प्रिय मोठे,

तुला मागचं पत्र लिहिलं तेव्हा तुझ्या-माझ्या घरांमधली नदी आपल्याच मुलखातून वाहत होती. आता ती सरहद्द आहे. त्यांचं सैन्य आलं, आपल्या सैन्याने माघारी जाताना पूल पाडला आणि आपलं शहर त्यांच्या देशात जमा झालं, एवढं तुला ठाऊक आहेच. पण कोणी घर सोडलं नाही तरी शहर दुभंगलं. त्यांची भाषा बोलणारे रस्त्यावर येऊन नाचले, आपण दारं लावून बसलो. खालचा बेकरीवाला, ज्याच्या भट्टीच्या उबेवर आपले सगळे हिवाळे निघाले, तोही नाचला. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलो की तो भिंतीकडे बघायचा आणि मी पायरीकडे.

फोन तुटले, टपाल बंद झालं. काठावर फलक लागला: ओरडायचं नाही, दिवा दाखवायचा नाही, आरसा चमकवायचा नाही, झेंडा हलवायचा नाही. हातांचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एका दुपारी तुझी धाकटी बहीण, आपली चिमणी, मला ओढत काठावर घेऊन गेली. पलीकडे तिच्याबरोबर मूकबधिर शाळेत शिकलेला तो सुतार उभा होता. त्या शाळेत दोन्हीकडची मुलं एकत्र शिकली, म्हणून त्यांची हातांची भाषा एकच राहिली. एवढी रुंद नदी, तेव्हा चिमणी बोटांनी नाही, खांद्यापासून, अख्ख्या अंगाने बोलली. आणि पलीकडून उत्तर आलं! जन्मापासून तिला बघतेय मी, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. बंदूकवाला शिपाई शेजारीच उभा होता. त्याला बहुतेक व्यायाम वाटला असावा.

मग लोक यायला लागले. आधी आपले, मग हळूहळू तेही. नाचलेल्यांचीही माणसं पलीकडेच राहिली होती, हे त्यांना नाचून झाल्यावर कळलं. लोक मला सांगत, मी चिमणीला हातांनी सांगे, ती नदीपार पोचवी. कोणाला बाळ झालं, कोणाचं ऑपरेशन नीट झालं, सगळं त्या दोन पोरांच्या हातांतून जायचं, आणि एवढी गर्दी श्वास रोखून बघत राहायची.

बेकरीवाला सगळ्यांत शेवटी आला. जिना चढून दाराशी घुटमळला आणि म्हणाला, “वहिनी, माझ्या आईचं विचाराल का?” आम्ही काठावर जाऊन विचारलं, तर सुताराने उत्तर द्यायला वेळ लावला. चिमणीने माझ्याकडे वळून सांगितलं, आणि ते मला तोंडाने, त्याच्या भाषेत बोलावं लागलं. “आई गेली. झोपेतच.” तो म्हणाला, “जवळ कोण होतं?” प्रश्न गेला, उत्तर आलं. उशाशी तू होतीस. महिनाभर तिचं सगळं तूच केलंस म्हणे, आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. मी त्याला सांगितलं. आमच्या मागे आपले आणि त्यांचे, सगळेच माना खाली घालून उभे राहिले, पलीकडेही तसेच. बेकरीवाल्याने माझा हात धरला तो सोडलाच नाही. जन्म गेला माझा या नदीकाठी, पण असली शांतता कधी ऐकली नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. चिमणी आणि सुताराने त्या सगळ्या गर्दीच्या देखत आपलं लग्न ठरवलं, आणि कळलं ते फक्त मला. मी मुद्दाम पाण्याकडे बघत बसले. आता पलीकडे जायची परवानगी मिळतेय, पण गेलेल्याला परत येता येणार नाही. हे पत्र मी तिच्याच हातात देतेय, म्हणजे तू वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर असेल. मी का नाही आले म्हणशील, तर इथल्यांचे निरोप पोचवायला आता मीच उरले. बेकरीवाल्याची बायको माझ्याकडे शिकतेय, पण तिला वेळ लागेल. सुतार चांगला आहे. तरी लग्नात आईच्या जागी तू उभी राहा. आधी तिला जेवायला वाढ, होडीच्या धास्तीने सकाळपासून तिने काही खाल्लेलं नाही. रविवारी तिघंही काठावर या. मला जोराने बोलता येत नाही, खांदा दुखतो, पण तिला कळेल.

तुझीच आणि आता तिचीही पलीकडची,
आई