माणसाचा ताप, कोंबडीचा ताप

किनवट
२० एप्रिल २०१६

चि. तारास रामदादाचा आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणे. तू घागरी उचलू नकोस, सातवा महिना आहे. दाजींच्या हातांना काय मेंदी लागलीय? इकडं किनवट जिल्हा होणार म्हणून बॅनर लागलेत. तळ्यात मात्र एक डबकं उरलंय. रानबदकं, डुकरं, कोंबड्या, सगळे तिथंच पाणी पितात.

कोंबड्यांचा रोग तिथूनच आला. मायला त्याच वेळी ताप होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई मायकडं बघून म्हणाल्या, आजींचा फ्लू माणसाचा असेल, कोंबड्यांचा वेगळा. पण दोन्ही एकाच देहात शिरले, तर आपसात जीन्सची अदलाबदल करतात आणि तिसराच विषाणू बाहेर पडतो. त्याची कुणाच्याच अंगाला ओळख नसते.

"म्हंजी माहूरच्या जत्रंत दोघींची बोचकी मिसळली, अन् हिचं लुगडं तिच्या अंगावर, तसंच की," माय म्हणाली. बाई हसल्या, माय हसली नाही.

अंड्यांवर बसलेली तिची लाडकी कोंबडी मायनं स्वतःच कोंबड्या मारायला आलेल्या सरकारी पथकाला दाखवली. लपवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. मग शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपीत एकटी राहायला गेली. मला दारातच थांबवून म्हणाली, "तारूला कळवू नगंस. पोटुशी हाय ती. माझ्यात काय तयार होऊन राहिलंय, कोणाला ठाव?"

म्हणून मी तुला 'थोडी सर्दी आहे' एवढंच सांगितलं.

तिच्यात नवीन काही तयार झालंच नव्हतं. माणसाचा, नेहमीचाच फ्लू निघाला. रिपोर्ट आला तेव्हा आम्ही राख सावडत होतो.

दादानं मायचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही, असं तू म्हणतेस ते दाजींनी सांगितलं. खरं आहे. तिनंच तुला बोलवू दिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तेही खरं आहे. पण मी भाकर घेऊन गेलो की ती माझ्या पाठीमागं बघायची. नांदेडच्या दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती, तिला धाप लागली होती, तेव्हा म्हणाली, "तारू आली का रं?"

मी म्हणालो, "निघाली हाय."

तिनं चुलीकडं हात केला. "लांबून येऊन राहिलं लेकरू. पीठ मळ."

मी मळलं, तारा. तिनं गाडीतच प्राण सोडला.

शिव्या द्यायला का होईना, एकदा फोन उचल.

तुझा दादा,
रामकिशन