पोट्टे हा शब्द

मंगळवार, ११ सप्टेंबर १९६२

आज नगरपालिकेच्या सल्लागार समितीत मी मागणी केली, तरुणांच्या दोन जागा वाढवा. सात जणांत तिशीच्या आतला मी एकटा. वाचनालय पाचले बंद करायचं याच समितीनं ठरवलं. कापसाच्या जिनिंगमधली पोरं सुटतात सहाले. त्यायनं वाचावं कधी?

अध्यक्ष आबाजी हसले. "पोट्ट्याइले कायले पाह्यजे जागा?"

पोट्टे. माह्या दुकानात राळेगावपासून लोक सायकली दुरुस्तीले आणतात, घरी दोन लेकरं आहेत. अन् मी पोट्टा?

कारकुनानं इतिवृत्तात लिहिलं, 'तरुण मंडळी'. मी म्हटलं, "बाबूजी, बोलले तोच शब्द लिहा."

त्यानं आबाजीकडं पाह्यलं. आबाजी म्हणाले, "लिही बापा, मी कोणाले भेतो?"

लिहिलं त्यानं. पोट्टे.

मी रागात बोललो का? बोललो असन. जागांचा निर्णय पुढच्या सभेवर गेला. पण त्या सभेत आधी आजचं इतिवृत्त मोठ्यानं वाचल्या जाईन. ऐकायले कोणीही बसू शकते, म्हणून जिनिंगमधली सारी पोरं मी घेऊन जाणार. त्यायच्या समोर आबाजीले त्या शब्दाखाली सही करा लागन.